विटाळाचा चेंडू आणि झेलमची वल्हं

श्रीनगरचं जुनं शहर झेलमच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. एके काळी नदीवर सात लाकडी पूल होते: अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, झैना कदल, आली कदल, नवा कदल आणि सफा कदल. वस्त्या, घाट आणि बाजार या पुलांच्या नावांनीच ओळखले जात. धान्य, सरपण, भाजीपाला, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांची ये-जा होडीतून होई. असं असूनही १८९० साली फतेह कदलजवळ नदीकाठी मिशनची जी शाळा भरत होती, तिथल्या फार थोड्या मुलांना पोहता येत होतं. वल्हं हातात धरायला तर एकही मुलगा तयार नव्हता. पाण्याच्या इतक्या जवळ राहून पाण्याशी इतकं परकेपण का असावं, हे समजलं की या शाळेतल्या खेळांची गोष्टही समजते.

शाळा चर्च मिशनरी सोसायटीची होती. या संस्थेने काश्मीरमध्ये आधी दवाखाना काढला आणि १८८० मध्ये शाळा. पहिली दहा वर्षं शाळा शहराबाहेर, दवाखान्याच्या आवारातच भरली, कारण मिशनने शहरात पाय रोवावा हे संस्थानाला मान्य नव्हतं. शाळेची घडी बसवली ती रेव्हरंड जे. हिंटन नोल्स यांनी. काश्मिरी म्हणी आणि लोककथा गोळा करून छापणारे नोल्स ते हेच. १८९० मध्ये शाळा शहरात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तावीस वर्षांचा एक नवा मिशनरी शिक्षक तिथे रुजू झाला. त्याचं नाव सेसिल टिंडेल-बिस्को. पुढे १९४७ पर्यंत तो या शाळेचा प्रमुख राहिला.

बिस्को अंगापिंडाने लहानखुरे होते. केंब्रिजला शिकत असताना त्यांच्या याच चणीचा उपयोग झाला. शर्यतीच्या लांब नावेत आठ जण वल्ही मारतात आणि नववा शेवटी बसून सुकाणू धरतो, ताल सांगतो. या नवव्याचं वजन जितकं कमी तितकं चांगलं. १८८४ साली ऑक्सफर्डविरुद्धच्या शर्यतीत केंब्रिजची नाव जिंकली, तेव्हा तिच्या सुकाणूवर बिस्को होते. त्यानंतर त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, लंडनच्या गरीब वस्तीत काम केलं आणि तिथून ते काश्मीरला आले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे काही केलं त्यात त्या नावेचा वाटा धर्मशास्त्राइतकाच मोठा आहे, असं मला वाटतं.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये खेळ ही निव्वळ करमणूक राहिली नव्हती. श्रीमंतांच्या निवासी शाळांमध्ये फुटबॉल, क्रिकेट आणि नौकानयन म्हणजे चारित्र्य घडवण्याची साधनं, असा एक पंथच तयार झाला होता. थंडीपावसात चिखल तुडवणारा, मार खाऊन न रडणारा, स्वतःआधी संघाचा विचार करणारा मुलगा हाच चांगला ख्रिस्ती आणि हाच साम्राज्याचा चांगला अधिकारी, अशी ही धारणा. १८५७ साली निघालेल्या थॉमस ह्यूजच्या रग्बी शाळेवरच्या कादंबरीने ती घरोघरी पोहोचवली. मिशनऱ्यांच्या सामानातून ती आफ्रिकेत गेली, हिंदुस्थानातही आली. खेळांचा इतिहास लिहिणारे जे. ए. मँगन यांनी साम्राज्य आणि खेळ यांच्या नात्यावरच्या आपल्या ग्रंथात बिस्कोंची सविस्तर दखल घेतली आहे, कारण ही धारणा इतक्या हट्टाने राबवणारा दुसरा माणूस सापडणं कठीण.

बिस्को आले तेव्हा शाळेत दोनशेच्या वर मुलं होती आणि जवळजवळ सगळी काश्मिरी पंडितांच्या घरांतली. ती मिशनच्या शाळेत का येत होती? धर्मासाठी नक्कीच नाही. काश्मीरच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या फारसीचा अंमल होता आणि फारसी लिहिणारी लेखणी पंडितांच्या हातात होती. १८८९ च्या सुमारास दरबारी कामकाजाची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. पंजाबातून शिकूनसवरून आलेले कारकून आणि अंमलदार कचेऱ्यांमध्ये बसू लागले. ज्या समाजाची चूल सरकारी नोकरीवर पेटत होती, त्याच्या पायाखालची जमीन हलली. आता इंग्रजीला पर्याय नव्हता आणि चांगलं इंग्रजी मिशनच्या शाळेत मिळत होतं. त्यामुळे बायबलचा तास आईबापांनी निमूट सोसला. पुढे त्यांना त्याहून बरंच काही सोसावं लागणार होतं. ही गरज लक्षात घेतली नाही तर एवढ्या अपमानांनंतरही मुलं शाळेत टिकली कशी, याचा उलगडा होत नाही.

मुलं पायघोळ फेरन घालून, आत कांगडीची, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीची, ऊब धरून वर्गात बसत. चर्चा कसलीही चालो, अंगाला श्रम पडू द्यायचे नाहीत हा घरचा संस्कार होता. स्नायू हमालाला असावेत, वल्हं हांजीने मारावं, ओझं मुसलमान मजुराने वाहावं. पंडिताच्या मुलाने लिहावं, वाचावं, पाठ करावं. हांजी म्हणजे काश्मीरचा नावाडी समाज. धर्माने मुसलमान आणि मानाच्या उतरंडीत फार खालचा. वल्ह्याला हात लावणं म्हणजे स्वतःला हांजी म्हणवून घेणं. पाण्याशी असलेल्या परकेपणाचं मूळ इथे आहे.

१८९१ मध्ये बिस्कोंनी शाळेत फुटबॉल आणला. काश्मीरमध्ये आलेला हा पहिलाच चामड्याचा चेंडू, असं त्यांनी आपल्या आठवणींत म्हटलं आहे. मुलांना तो दाखवला तेव्हा पहिला प्रश्न तो कशाचा आहे हा आला. चामड्याचा, हे कळताच मुलांनी हात मागे घेतले. मेलेल्या गुराचं कातडं! शिवलं तर विटाळ. बिस्कोंनी सांगितलं की आज खेळ होणार आणि सगळे खेळणार. दुपारी शाळा सुटल्यावर मुलांनी घरी पळून जाऊ नये म्हणून त्यांनी शिक्षकांच्या हातात काठ्या देऊन त्यांना जागोजाग उभं केलं. शिक्षक स्वतः पंडित होते आणि त्यांची अवस्था विद्यार्थ्यांहून वेगळी नव्हती. मुलांची रांग मैदानाकडे हाकण्यात आली. मागे बघ्यांची गर्दी लोटली. ब्राह्मणांची पोरं चामडं लाथाडणार, ही बातमी शहरभर पसरायला वेळ लागला नाही.

दोन संघ पाडले, जागा नेमून दिल्या, नियम सांगितले. मुलं फेरन सावरत आणि लाकडी खडावा घालून उभी होती. काहींच्या कानांत बाळ्या, कपाळावर गंध. सुरुवात करण्याची खूण झाली आणि कुणीही हललं नाही. बिस्कोंनी थोडा वेळ दिला आणि नंतर काठीवाल्यांना पुढे बोलावलं. काठ्या जवळ येताना दिसल्या तसा कुणीतरी चेंडूला पाय लावला. एकदा खेळ सुरू झाल्यावर मात्र धांदल उडाली. खडावा हवेत गेल्या, पगड्या सुटल्या, फेरनात पाय अडकून मुलं एकमेकांवर पडली. तेवढ्यात चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला. खेळ थांबला. मुलगा रडू लागला आणि बाकीचे त्याच्याभोवती भेदरून उभे राहिले. तोंडालाच चामडं लागलं, आता हा घरी कसा जाणार? बिस्कोंनी त्याला कालव्यावर नेऊन धुऊन काढायला सांगितलं. मुलगा ओला होऊन परत आला आणि खेळ पुढे सुरू झाला.

या प्रसंगाचं वर्णन बिस्को मोठ्या मौजेने करतात. मला तो तितक्या मौजेने वाचता येत नाही. सोवळ्याओवळ्याच्या ज्या रचनेने चांभाराला आणि हांजीला माणसातून उठवलं होतं तिला त्या दिवशी तडा गेला, हे खरंच. त्याचबरोबर दहा-बारा वर्षांचं एक घाबरलेलं पोर मैदानात उभं होतं आणि त्याच्या मागे काठी होती, हेही तितकंच खरं. त्या मुलाचं नाव कुठे नोंदलेलं नाही. घरी गेल्यावर त्याच्या आईने त्याला स्वयंपाकघरात घेतलं की बाहेर ठेवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

याच दशकात चामड्याचा चेंडू आपल्या पुण्यातही जातीच्या कुंपणावर येऊन आदळत होता. चांभार समाजातले पळवणकर बाळू पूना क्लबवर गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करत होते. त्यांचा डावखुरा फिरकी मारा पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. काश्मीरमध्ये चेंडू शिवायचा नव्हता, पुण्यात चेंडू शिवलेला चालत होता आणि माणूस चालत नव्हता. या दोन घटना शेजारी ठेवल्या की बिस्कोंच्या कथेतला एक दोष दिसतो. भित्रेपणा आणि आळस हा काश्मिरी माणसाचा स्वभावच, असं ते पुन्हा पुन्हा लिहितात. प्रत्यक्षात त्यांच्यासमोर होती ती जातीची व्यवस्था, आणि ती खोऱ्यापुरती नव्हती. शिवाय अंगमेहनतीचा तिटकारा हा हिंदुस्थानचा सार्वत्रिक गुण, असाही त्यांचा सूर लागतो. महाराष्ट्रातल्या तालमी, कुस्त्यांचे फड आणि पेशवाईत बाळंभट देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेला मल्लखांब त्यांनी पाहिला असता, तर हा सूर बहुधा थोडा खाली आला असता. ब्राह्मणांच्या मुलांनी लाल मातीत उतरणं इथे नवं नव्हतं.

फुटबॉलनंतर पाणी. बिस्कोंचा जीव खरा तिथेच होता. त्यांनी नावा आणल्या आणि मुलांना वल्ही धरायला लावली. काठावरून लोक टिंगल करत, शिव्या देत, म्हणून सुरुवातीला नावेतले शिक्षक आणि मुलं ओळख पटू नये यासाठी तोंड झाकून घेत. पण नाव वल्हवण्याचा गुण असा की ती एकट्याने पुढे जात नाही. एकाचा ताल चुकला तर सगळ्यांची वल्ही एकमेकांवर आदळतात. ताल जमला आणि पाण्यावरून नाव सरसर निघाली की अंगात जो आनंद भरतो तो कुणाच्या काठीने येत नाही आणि कुणाच्या टिंगलीने जातही नाही. काही वर्षांतच वर्गावर्गांच्या, मग शाळाशाळांच्या नावा तयार झाल्या आणि शर्यती पाहायला शहर लोटू लागलं. शर्यतीच्या दिवशी एक खास खेळ होई. इशारा मिळाला की सगळ्या नावांतली मुलं मुद्दाम नाव उलटवत, पाण्यात पडत, नाव सरळ करून पुन्हा आत चढत आणि वल्हवू लागत. पाहणाऱ्यांना तो तमाशा वाटे, पण त्यातून बुडत्या होडीत काय करायचं याचा सराव होत असे.

शाळेच्या बोधचिन्हात दोन वल्ही एकमेकांवर तिरपी ठेवलेली आहेत आणि त्यांची पाती बदामाच्या आकाराची आहेत. काश्मीरमधल्या होड्यांची वल्ही खरोखरच तशी असतात. बिस्कोंनी त्यांत अर्थ भरला: दांडा म्हणजे ताकद, पातं म्हणजे दया, आणि तिरपी मांडणी म्हणजे दुसऱ्यासाठी झीज सोसणं.

पोहणं त्यांनी सक्तीचं केलं, आणि सक्तीचं साधन होतं फी. ठरावीक वयापर्यंत ज्याला पोहता येणार नाही, त्याच्या फीमध्ये वाढ. मुलगा बुडेल या भीतीने जो बाप पाण्याचं नाव काढू देत नव्हता, तोच जास्तीचे पैसे भरावे लागतात म्हटल्यावर मुलाला घाटावर पाठवू लागला. ही युक्ती मला काठीपेक्षा कितीतरी बरी वाटते. पुढे दल सरोवर पोहून पार करणं हा शाळेचा नेमच झाला. त्याहून कठीण होतं वुलर. या विस्तीर्ण सरोवरावर दुपारनंतर अचानक वारा उठतो आणि लाटा होड्या गिळतात, म्हणून हांजीसुद्धा सकाळीच पलीकडे जाण्याची घाई करत. त्या वुलरमध्येही या शाळेतले पट्टीचे पोहणारे उतरले. सरोवरांबरोबर डोंगरही आले. दलच्या मागे उभं असलेलं महादेव शिखर मुलं आणि शिक्षक चढू लागले.

शाळेच्या प्रगतिपत्रकाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते या प्रयोगाचा गाभा तिथे आहे. एकूण गुणांचे तीन सारखे भाग केलेले होते: बुद्धीचा, शरीराचा आणि आत्म्याचा. बुद्धीच्या भागात नेहमीचे विषय. शरीराच्या भागात कसरत, वल्हवणं, पोहणं, मैदानी खेळ. आणि आत्म्याच्या भागात मुलगा शिक्षकांशी, सोबत्यांशी, शाळेशी आणि शहराशी कसा वागतो याचे गुण. शेवटचा शब्द पुन्हा पाहा: शहराशी. एखादा मुलगा गणितात पहिला आला तरी शहराला त्याचा काही उपयोग झाला नसेल, तर त्याच्या पत्रकात मोठी जागा रिकामी राही. त्या काळात हिंदुस्थानभर शाळा परीक्षेच्या निकालावर मोजल्या जात होत्या आणि सरकारी अनुदानही बरेचदा निकाल पाहून मिळे. अशा वेळी हे कोष्टक बनवणं धाडसाचं होतं.

शहराला उपयोग म्हणजे काय? श्रीनगरची घरं लाकडाची, एकमेकांना चिकटलेली. एका घराला आग लागली की गल्लीच्या गल्ली जळे. शाळेने पाण्याचा बंब घेतला आणि आगीची वर्दी आली की मोठी मुलं तो ओढत धावू लागली. एरवी आग लागली की बघ्यांबरोबर लुटारूही जमत. मुलांची एक तुकडी बाहेर काढलेल्या सामानाची राखण करी. १८९२ मध्ये खोऱ्यात पटकीची मोठी साथ आली. तेव्हा शाळेच्या आसपासची गटारं आणि गल्ल्या साफ करायला शिक्षक आणि मुलांनी फावडी उचलली. ज्या हातांना वल्ह्याचा विटाळ होत होता त्या हातांनी गल्लीतली घाण काढणं, ही फुटबॉलपेक्षा फार मोठी उडी होती. १८९३ मध्ये आणि पुन्हा १९०३ मध्ये झेलमला मोठे पूर आले. शर्यतीसाठी तयार झालेल्या नावा आणि वल्हेकरी तेव्हा अडकलेली माणसं काढायला गेले. बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या घटना तर दरवर्षी घडत आणि शाळेच्या वार्षिक अहवालात त्यांची नोंद होई.

मला सगळ्यात जास्त भिडते ती यापेक्षा साधी एक गोष्ट. मिशनच्या दवाखान्यात आर्थर आणि अर्नेस्ट नीव्ह हे डॉक्टर भाऊ काम करत होते. तिथले बरेचसे रुग्ण गरीब मुसलमान. बरे होत आलेल्या रुग्णांना मोकळी हवा मिळावी म्हणून शाळेची मुलं त्यांना नावेत बसवून दल सरोवरावर फिरवून आणत. पंडिताचा मुलगा वल्हं मारतो आहे आणि मुसलमान शेतकरी नावेत आरामात बसला आहे, हे दृश्य १८९० च्या श्रीनगरमध्ये कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. कुणी भाषण केलं नाही, ठराव केला नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बसण्याची जागा तेवढी बदलली.

मिशनच्या शाळांनी हिंदुस्थानात इतर ठिकाणीही खेळ रुजवले. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस या जेझुइट शाळेच्या मैदानातून हॉकीपटू ऑलिंपिकपर्यंत गेले. सुनील गावसकर धोबीतलावच्या सेंट झेवियर्सचे. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोने १९७७ मध्ये पहिल्यांदा शालेय क्रिकेटची जाइल्स शील्ड जिंकली तेव्हा कर्णधार होते रवी शास्त्री. रांचीच्या मिशन शाळेतून ऑक्सफर्डला गेलेल्या जयपाल सिंग या मुंडा आदिवासी मुलाकडे १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचं नेतृत्व होतं. या यादीत काश्मीरच्या शाळेचं नाव येत नाही. तिने ढाली आणि पदकं देशाला दिली नाहीत, आणि बिस्कोंना त्यांची हौसही नव्हती. खेळ हे पुढच्या कामाची तयारी आहे, अशी त्यांची धारणा होती आणि ते काम आग, पूर, साथ या रूपाने दर दोन-चार वर्षांनी दारात येत होतं. मोजमापाच्या या दोन पद्धतींपैकी मला दुसरी अधिक मोलाची वाटते, आणि हे मी क्रिकेटवर जीव असूनही म्हणतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत एका शाळेच्या सहा शाळा झाल्या. फतेह कदलची मुख्य, हब्बा कदल वगैरे भागांतल्या शाखा आणि खोऱ्याच्या दक्षिणेला अनंतनागमध्ये एक. मिळून दीड हजारांच्या घरात मुलं. नावांच्या शर्यती आता या शाळांमध्ये आपसांत होऊ लागल्या. १९०५ मध्ये ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने श्रीनगरमध्ये हिंदू कॉलेज निघालं. धर्माला धक्का न लावता इंग्रजी शिकायची सोय झाली, तशी मिशनची बरीच मुलं तिकडे वळली. यात गैर काहीच नव्हतं. काठी आणि बायबल यांच्याविना शिक्षण मिळत असेल, तर कोणता बाप ते नाकारील? मुसलमानांच्या शिक्षणासाठी मीरवाइज रसूल शाह यांनी अंजुमन नुसरतुल इस्लाम ही संस्था काढलीच होती. मिशनच्या शाळेला आता स्वतःच्या गुणांवर टिकायचं होतं. ती टिकली. त्याचं एक कारण असं की तिथे जाऊन कुणी ख्रिस्ती होत नाही, हे एव्हाना शहराच्या लक्षात आलं होतं. धर्मांतरं जवळपास झालीच नाहीत. याबद्दल मिशनच्या वरिष्ठांची नाराजीही बिस्कोंनी ओढवून घेतली.

ती टिकली याचं दुसरं आणि मोठं कारण तिथले शिक्षक. हे बहुतेक याच शाळेतून शिकलेले पंडित तरुण. बिस्को परदेशी होते. शहराने त्यांना कितीही शिव्या दिल्या तरी त्यांच्या घरचं पाणी कुणी तोडू शकत नव्हतं. शिक्षकाला मात्र दिवसभर मुलांबरोबर गटार साफ करून संध्याकाळी आपल्याच मोहल्ल्यात परतावं लागे, आपल्याच आत्याबाई-काकांसमोर जेवायला बसावं लागे. मुलामुलींच्या लग्नाच्या बैठकीत त्याच्या फावड्याचा विषय निघे. या माणसांनी जे सोसलं ते बिस्कोंच्या धाडसाहून कमी नव्हतं. शंकर कौल शाळेचे मुख्य शिक्षक म्हणून वर्षानुवर्षं हा गाडा ओढत राहिले. संसारचंद कौल विद्यार्थ्यांना डोंगरांत नेता नेता स्वतः निसर्ग-अभ्यासक झाले आणि काश्मीरच्या पक्ष्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. शाळेचा इतिहास प्रामुख्याने बिस्को आणि त्यांचा मुलगा एरिक यांनी लिहिला, म्हणून तो एका इंग्रज माणसाची कहाणी होऊन बसला आहे. तो वाचताना या शिक्षकांना ओळीओळींतून शोधून काढावं लागतं.

मुलींची वाट आणखी बिकट होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनने मुलींची शाळा काढून पाहिली. तिच्या बक्षीस समारंभाला गोऱ्या बायका येताना दिसल्या आणि त्या मुलींना पळवून न्यायला आल्या आहेत, अशी ओरड रस्त्यात झाली. भेदरलेल्या मुली मिळेल त्या वाटेने घरी पळाल्या. नंतर १९१२ मध्ये व्हायोलेट फिट्झ यांनी फतेह कदलला पुन्हा शाळा सुरू केली आणि ती तगली. १९२२ मध्ये म्युरिएल मॅलिन्सन आल्या. चारचौघांत धावणंसुद्धा मुलीच्या जातीला शोभत नाही, असं मानणाऱ्या घरांतल्या मुलींना त्यांनी खेळायला लावलं, डोंगरांत नेलं, पोहायला शिकवलं. या शाळेत काठीवाले शिक्षक उभे नव्हते. एकेका आईची समजूत घालत, एकेका मुलीचा भरवसा मिळवत काम चाललं, आणि तेही टिकलं. सक्तीशिवाय काही झालंच नसतं, असं बिस्कोंच्या बाजूने जे सांगितलं जातं, त्याला त्याच आवारातलं हे उत्तर आहे.

१९४७ मध्ये बिस्को काश्मीर सोडून गेले आणि १९४९ मध्ये आफ्रिकेत, त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियात वारले. शाळा उत्तर भारतीय चर्चच्या अमृतसर धर्मप्रांताकडे आली. मुलांची टिंडेल-बिस्को आणि मुलींची मॅलिन्सन या दोन्ही शाळा आता लाल चौकाजवळ शेख बागेत शेजारी शेजारी भरतात. विद्यार्थी बहुतांशी मुसलमान घरांतले. फारूख अब्दुल्ला इथलेच. १९९० नंतर पंडितांची बहुसंख्य कुटुंबं खोरं सोडून गेली आणि ज्या समाजाच्या मुलांनी ही परंपरा अंगावर घेतली होती त्याची मुलं इथल्या वर्गांतून जवळपास दिसेनाशी झाली. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेत कुराण जाळल्याच्या बातम्यांवरून संतापलेल्या जमावाने तंगमर्गची शाखा पेटवून दिली. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात झेलमचं पाणी शेख बागेत शिरलं आणि शाळेचं मोठं नुकसान झालं. दोन्ही वेळा शाळा पुन्हा उभ्या राहिल्या. दल सरोवर पोहून पार करण्याचा नेम अजून चालू आहे. बाजूने शिकारे चालतात, दमलेल्याला वर ओढून घ्यायला माणसं तयार असतात, आणि पाण्यात उतरणाऱ्यांमध्ये मुलीही असतात.